वायफायची किल्ली कोणाच्या खिशात? अंध व्यापारी व कारागिरांसाठी राउटरची निवड आणि बंदोबस्त

कापडाच्या धंद्यात पूर्वी नमुना हातात घेऊन, बोटांनी चाचपून सौदा होत असे. हल्ली नमुन्याचा फोटो व्हॉट्सॲपवर जातो, भाव फोनवर ठरतो, रक्कम यूपीआयने येते आणि जीएसटीचे विवरणपत्र घरी बसून भरले जाते. दुकानाचे शटर ओढून घरी आलेल्या माणसाचा निम्मा धंदा रात्री घरातच चालतो. हा सगळा व्यवहार घराच्या भिंतीवर लटकविलेल्या ज्या लहानशा यंत्रातून ये-जा करतो, त्याला राउटर म्हणतात. तो विकत घेताना आपण किती विचार करतो? बहुतेक ठिकाणी जोडणी करणारा मुलगा जो आणून लावतो तोच राहतो, आणि तो जो पासवर्ड ठेवतो तोच वर्षानुवर्षे चालतो.

डोळस माणसाला हे उद्या दुरुस्त करता येते. ज्याची नजर गेली आहे त्याचे तसे नाही, म्हणून हा लेख त्याच्यासाठी आहे. मधुमेहाने, काचबिंदूने उतारवयात दृष्टी गमावलेले कितीतरी व्यापारी, शिंपी व मागवाले आपल्या वस्तीत आहेत. आमचीही नजर काचबिंदूने गेली. तरीही खातेवही आमच्याच हाती आहे, कारण फोन बोलतो. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर हे पडदा वाचून दाखविणारे प्रोग्राम आधीपासूनच असतात. संगणकासाठी एनव्हीडीए हा प्रोग्राम २००६ पासून ऑस्ट्रेलियात तयार होत आला आहे, तो फुकट मिळतो आणि मराठीही बोलतो. याला स्क्रीन रीडर म्हणतात. ज्यांना हे अजून ठाऊक नाही त्यांनी घरातील शिकलेल्या मुलाला आजच विचारावे.

आता अडचण अशी की राउटरबद्दलचा सगळा सल्ला डोळ्यांसाठी लिहिलेला असतो. मागच्या चिठ्ठीवर पासवर्ड पाहा, हिरवा दिवा लागला का पाहा, निळ्या भोकात तार घाला. अंध माणूस मग दुसऱ्याला बोलावतो. तो दुसरा चिठ्ठी वाचतो, पासवर्ड टाकतो, आतली मांडणी उघडतो आणि निघून जातो. जाताना घराची किल्ली त्याच्या खिशात असते. तो माणूस प्रामाणिक असेलही, पण किल्ली कोणाकडे आहे याचा हिशोब मालकाला नसावा हे कोणत्याही व्यापाऱ्याला पटणार नाही. म्हणून आमचे मत असे की अंध गिऱ्हाइकाने राउटर निवडताना वेगाच्या आधी एकच प्रश्न विचारावा: याची आतली मांडणी मला स्वतःला, कोणाच्या मदतीशिवाय, उघडता आणि बदलता येईल का? ज्याची येत नाही तो राउटर कितीही मजबूत असला तरी आपल्यासाठी उघडाच आहे.

विकत घेण्यापूर्वीची पारख

दुकानदार खोके उघडून, तार लावून दाखवणार नाही. त्याची गरजही नाही. बहुतेक कंपन्यांचे स्वतःचे मोबाईल ॲप असते. खरेदीच्या आदल्या दिवशी ते फुकट उतरवून घ्यावे आणि टॉकबॅक चालू ठेवून त्यावर बोट फिरवावे. प्रत्येक बटणाचे नाव ऐकू येते, की नुसते "बटण, बटण, विनालेबल" असे ऐकू येते? पहिल्याच पडद्यावर मुकी बटणे लागली तर पुढे काय असेल ते कळून येते. हेही पाहावे की ॲप आधी कंपनीकडे खाते उघडायला लावते काय. तशी सक्ती नसलेले बरे, कारण त्या खात्याचा एक आणखी पासवर्ड सांभाळावा लागतो.

याहून चांगली पारख संगणकावर होते. टीपी-लिंक कंपनीने आपल्या अनेक राउटरच्या आतल्या मांडणीची हुबेहूब नक्कल आपल्या संकेतस्थळावर ठेवली आहे. ती उघडून एनव्हीडीएने चालून पाहता येते, एक पैसाही खर्च न करता. एच हे अक्षर दाबल्यावर मथळ्यावरून मथळ्यावर उडी जाते का, ई दाबल्यावर लिहिण्याचा रकाना सापडतो का, बी दाबल्यावर बटणाचे नाव ऐकू येते का, एवढे पाहिले म्हणजे पुरे. ताक्याचे एक टोक हातात घेऊन पोत ओळखतो तसेच हे आहे. एका मॉडेलवरून साऱ्या कंपनीची परीक्षा मात्र करू नये. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि नव्या आवृत्तीत चांगली गोष्ट बिघडूही शकते. म्हणून आम्ही येथे कोणत्याही मॉडेलची शिफारस करीत नाही.

काही यंत्रांच्या दारावर वाकडीतिकडी अक्षरे असलेले चित्र येते आणि ती अक्षरे ओळखून लिहा असे म्हणतात. त्याला आवाजाचा पर्याय नसेल तर ते यंत्र आपल्या कामाचे नाही, मग ते अर्ध्या किमतीत मिळो. असल्या यंत्रावर घासाघीस करण्यात वेळ घालवू नये.

फायबरची जोडणी घेतली की कंपनी बहुधा स्वतःचेच यंत्र देते आणि त्यातच वायफाय असते. त्याची मांडणी बोलकी नसेल तर वाद घालत बसण्यापेक्षा आपला राउटर विकत घेऊन त्याची तार कंपनीच्या यंत्राला जोडावी, आणि कंपनीच्या यंत्रातील वायफाय बंद करायला सांगावे. दोन यंत्रे झाली, वीज थोडी जास्त लागेल, पण घरातला दरवाजा आपला झाला.

वेगाबद्दल थोडक्यात. राउटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे असतात. पहिला लांब जातो व भिंती जास्त पार करतो, दुसरा वेगवान पण जवळच्यासाठी. जुन्या जाड भिंतींचे घर असेल तर दोन्ही पट्टे असलेलाच घ्यावा. जाहिरातीत लिहिलेल्या मोठमोठ्या आकड्यांवर जाऊ नये.

हाताने ओळखावयाचे यंत्र

यंत्र घरी आले की पहिले काम सुईदोऱ्याचे. मागच्या बाजूला चार-पाच सारखीच भोके असतात, त्यातले एक बाहेरून येणाऱ्या तारेचे. कंपनी त्याला वेगळा रंग देते, पण रंग आपल्याला काय उपयोगाचा? त्या तारेच्या टोकाला जाड दोऱ्याच्या दोन गाठी माराव्यात आणि भोकाशेजारी शर्टाचे एक लहान बटण चिकटवावे. विजेच्या अडॅप्टरलाही खूण करावी. घरात असे तीन-चार अडॅप्टर असतात, पिन सारखीच बसते, पण एखादा ९ व्होल्टचा असतो आणि एखादा १२ चा. चुकीचा लागला तर यंत्र चालत नाही किंवा जळते.

आणखी दोन जागा बोटाला ओळखता आल्या पाहिजेत. एक उठावाचे बटण असते, ते डब्ल्यूपीएसचे. दुसरे टाचणी घालायचे बारीक भोक, ते रिसेटचे. हे भोक दाबून धरले की सगळे नव्यासारखे कोरे होते. काही यंत्रांत ही दोन्ही कामे एकाच बटणावर, कमी-जास्त वेळ दाबण्यावर असतात. ते माहितीपत्रकातून आधी ऐकून घ्यावे.

दिव्यांचे काय? सीइंग एआय नावाच्या ॲपमध्ये उजेडाप्रमाणे आवाज बदलण्याची सोय आहे. फोन राउटरसमोर धरला की दिवा आहे की नाही हे कानाला समजते, रंग मात्र समजत नाही. आम्ही त्या भानगडीत पडत नाही. फोनमधील वायफायची यादी उघडावी, आपल्या नावासमोर "जोडलेले, इंटरनेट नाही" असे ऐकू आले की दोष बाहेरच्या लाइनमध्ये आहे. नावच ऐकू आले नाही तर दोष राउटरमध्ये किंवा विजेत.

चिठ्ठीबाबत मात्र सावध. राउटरच्या खाली चिकटवलेल्या चिठ्ठीवर वायफायचे नाव, पासवर्ड आणि बहुधा आतल्या मांडणीचा पत्ताही बारीक अक्षरात असतो. सीइंग एआय किंवा गुगलचे लूकआउट ती वाचून दाखवतात, फोन एका वितीवर स्थिर धरावा लागतो. बी माय आईज ही २०१५ मध्ये डेन्मार्कमधून सुरू झालेली सेवाही आहे, तिच्यात अनोळखी डोळस स्वयंसेवक व्हिडिओवर पाहून मदत करतात. औषधाची तारीख वाचायला, धाग्याचा रंग विचारायला ती सेवा उत्तम. पण घराची किल्ली लिहिलेली चिठ्ठी अनोळखी माणसाला दाखवायची असेल तर पाच मिनिटांत तो पासवर्ड बदलून टाकण्याची तयारी ठेवूनच दाखवावी.

दोन कुलपे, दोन किल्ल्या

आपले लोक येथे गोंधळतात. राउटरला पासवर्ड दोन असतात. एक वायफायचा, जो पाहुणा आल्यावर आपण सांगतो. दुसरा आतल्या मांडणीचा, म्हणजे मालकाचा. पहिला दुकानाच्या शटरचा, दुसरा तिजोरीचा. शटरचा सगळे बदलतात, तिजोरीचा तसाच राहतो, आणि पुष्कळ यंत्रांत तो कंपनीने सर्वांना सारखाच दिलेला असतो. त्याचा परिणाम जगाने २०१६ मध्ये पाहिला. मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने कारखान्यातून आलेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या एकामागून एक लावून पाहिल्या आणि लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्या यंत्रांकरवी डाइन या अमेरिकन कंपनीवर एवढा मारा झाला की ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा तासन्‌तास अडखळल्या. ज्यांच्या घरातली यंत्रे त्यात वापरली गेली त्यांतील बहुतेकांना काही कळलेही नाही.

म्हणून पहिल्याच दिवशी मालकाचा पासवर्ड बदलावा. फोन किंवा संगणक राउटरला जोडून ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असा पत्ता टाकला की बहुतेक यंत्रांचे दार उघडते. नेमका पत्ता चिठ्ठीवर असतोच.

कुलपाच्या प्रकाराबद्दल कापड व्यापाऱ्यांना एक हकीकत सांगण्यासारखी आहे. वायफायबरोबर आलेले पहिले कुलूप डब्ल्यूईपी नावाचे. ते २००१ मध्येच अभ्यासकांनी फोडून दाखवले होते. तरीही टीजेएक्स या कपड्यांची दुकाने चालविणाऱ्या मोठ्या अमेरिकन कंपनीने आपल्या दुकानांत तेच ठेवले. चोरांनी दुकानाच्या वायफायमधून आत शिरून गिऱ्हाइकांच्या किमान ४ कोटी ५७ लाख कार्डांची माहिती पळवली. हे २००७ मध्ये उघडकीस आले. आज मांडणीत डब्ल्यूपीए२ किंवा २०१८ मध्ये आलेले डब्ल्यूपीए३ निवडावे. त्याखालचे काहीही ऐकू आले तर सोडून द्यावे.

डब्ल्यूपीएसचे बटण अंध माणसाला मोहात पाडते. बटण दाबले की पासवर्ड न लिहिता फोन जोडला जातो. पण त्याच सोयीबरोबर आठ आकड्यांचा एक पिनही चालू असतो. २०११ च्या अखेरीस असे उघड झाले की यंत्र हा पिन दोन तुकड्यांत तपासते, त्यामुळे दहा कोटी शक्यतांऐवजी जास्तीत जास्त ११,००० वेळा प्रयत्न केला की काम फत्ते. संगणकाला ही संख्या किरकोळ आहे. पिन वेगळा बंद करता येत असेल तर करावा, नाही तर सगळे डब्ल्यूपीएसच बंद करावे.

आता पासवर्ड कसा असावा ते. जोडणी करणारा मुलगा हमखास म्हणतो, "चाचा, तुमचा मोबाईल नंबरच ठेवतो, लक्षात राहील." त्याला प्रेमाने नको म्हणावे. तो नंबर दुकानाच्या पाटीवर आणि बिलावर छापलेला असतो. वायफायचा पासवर्ड आठपासून त्रेसष्ट अक्षरांपर्यंत चालतो. चार-पाच असंबद्ध शब्द इंग्रजी लिपीत एकापुढे एक लिहिले की तो लक्षातही राहतो आणि फोडायलाही कठीण. दुकानाचे, मुलाचे, गल्लीचे नाव नको. उदाहरण आम्ही मुद्दाम देत नाही, छापलेले उदाहरण पन्नास घरांत लागेल.

अंध माणसाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे जी डोळस सल्लागाराच्या ध्यानात येत नाही. आमचा फोन बोलतो. टाइप करताना प्रत्येक अक्षर मोठ्याने उच्चारले गेले तर बैठकीतल्या दहा माणसांना पासवर्ड पाठ होतो. पासवर्डची अक्षरे बोलावीत की नाही हे टॉकबॅकच्या सेटिंगमध्ये ठरवता येते. ते बंद करावे किंवा सरळ कानात इअरफोन घालून काम करावे. यूपीआयच्या पिनलाही हाच नियम.

पाहुणे, कारागीर आणि ओट्यावरची मुले

आपल्या वस्तीत पाहुण्याला वायफाय नाकारणे वाईट दिसते. त्यावर उपाय राउटरमध्येच आहे. गेस्ट नेटवर्क नावाची सोय चालू केली की पाहुण्यांसाठी वेगळ्या नावाचे, वेगळ्या पासवर्डचे वायफाय तयार होते. त्यावरून इंटरनेट मिळते, पण आपला हिशोबाचा संगणक किंवा प्रिंटर दिसत नाही. सीसीटीव्हीचे कॅमेरेही त्याच बाजूला टाकावेत. पासवर्ड तोंडाने सांगायचीही गरज नाही. अँड्रॉइड १० पासून पुढच्या फोनवर वायफायच्या सेटिंगमध्ये क्यूआर चित्र दाखविण्याची सोय आहे. आपण फोन पुढे करावा, पाहुण्याने टिपून घ्यावे. दर ईदनंतर गेस्टचा पासवर्ड बदलला तरी कोणी रुसत नाही.

हे सगळे कशासाठी, असे कोणी विचारील. जुलै २००८ मध्ये अहमदाबादेत स्फोटमालिका झाली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांकडे गेलेला ईमेल नवी मुंबईत राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाच्या उघड्या वायफायवरून पाठविला होता. त्या गृहस्थाचा त्यात काही हात नव्हता. तरीही पोलीस प्रथम त्याच्याच दारात गेले, संगणक जप्त झाला, चौकशी चालली. इंटरनेटवर दिसतो तो घराचा पत्ता, घरात कोण बसले आहे ते नाही. परदेशी माणसाचे निभावले. आपल्यापैकी कोणाच्या घरी असे झाले तर किती दिवस, किती खेटे आणि किती वकिलांची फी, हे आम्ही लिहिण्याची गरज नाही. त्यात ज्याला ओट्यावर फोन घेऊन कोण बसले आहे हेच दिसत नाही, त्याने तर हा दरवाजा जास्तच घट्ट ठेवला पाहिजे.

महिन्यातून एकदा मांडणी उघडून जोडलेल्या यंत्रांची यादी ऐकावी. घरातले फोन किती, संगणक किती हे आपल्याला माहीत असते. यादी मोठी निघाली तर पासवर्ड बदलावा, सगळे आपोआप बाहेर पडतात. दुरून राउटर चालविण्याची सोय, जिला रिमोट मॅनेजमेंट म्हणतात, ती बंद ठेवावी. आतला प्रोग्राम आपोआप नवा होण्याची सोय चालू ठेवावी. मे २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाच्या घातक प्रोग्रामने ५४ देशांतील किमान ५ लाख यंत्रे बाधित केल्याचे उघड झाले, त्यांत घरचे व लहान कार्यालयांचे राउटरच बहुसंख्य होते. वायफायचे नाव लपवून ठेवावे असा सल्लाही कोणी देतात. त्याने चोर थांबत नाही, आपल्यालाच नाव अक्षर अक्षर टाइप करावे लागते. त्यात पडू नये.

हक्काचाही एक मुद्दा आहे. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात कलम ४२ माहिती-तंत्रज्ञान सुलभ असण्याबद्दल आणि कलम ४३ सर्वांना वापरता येतील अशा वस्तूंबद्दल आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. तो निकाल बँक-फोनसाठी ओळख पटविण्याच्या प्रक्रियेबद्दल होता, राउटरबद्दल नव्हे. तरी कंपनीला तक्रार लिहिताना त्याचा उल्लेख जरूर करावा. आणि आमच्या वाचकांत मोबाईलची दुकाने असलेले पुष्कळ आहेत, त्यांना एक सूचना: एक राउटर खोक्याबाहेर चालू ठेवा आणि अंध गिऱ्हाइकाला स्वतःच्या फोनने दहा मिनिटे चाचपू द्या. असे गिऱ्हाईक मिळाले की ते आपल्या ओळखीच्या दहाजणांना तुमचे दुकान सांगते.

शेवटी जुन्या राउटरचे. नवा आला की जुना भंगारवाल्याकडे जातो, आणि त्याच्या पोटात आपले पासवर्ड तसेच राहतात. देण्यापूर्वी वीज चालू ठेवून रिसेटच्या भोकात टाचणी घालावी, माहितीपत्रकात सांगितले असेल तेवढा वेळ, बहुधा दहा सेकंद, दाबून धरावी. दोन-तीन मिनिटांनी फोनमधील वायफायची यादी ऐकावी. आपण ठेवलेले नाव गेले आणि चिठ्ठीवरचे कंपनीचे नाव पुन्हा ऐकू आले की यंत्र कोरे झाले, मग खुशाल तराजूत टाकावे.